खालची अक्षरं

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)



आमच्या घरात रोज रात्री साडेआठच्या सुमारास एक तंटा ठरलेला असे. टीव्हीचा आवाज किती ठेवायचा, यावरून. माझे वडील, म्हणजे आमचे अप्पा, आज ब्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांना आवाज तीसवर लागे. माझ्या मुलीला तो अठरावर पुरे. त्यामुळे रिमोट अप्पांच्या हातून तिच्या हाती आणि तिच्या हातून पुन्हा अप्पांकडे असा फिरत राही. एकदा शेजारच्या काकूंनी जिन्यात हसत हसत विचारलं, "काल तुमच्याकडची मालिका आम्ही भिंतीतून ऐकली. शेवटी सासूनं माफी मागितली का हो?" आम्ही सगळे हसलो. अप्पा हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून जेवण झालं की ते आपल्या खोलीत जाऊन पडू लागले. विचारलं तर म्हणायचे, "हल्लीच्या मालिकांत काही राम नाही." आम्हालाही ते पटलं, कारण खरोखरच फारसा राम नव्हता.

खरं कारण कळायला आम्हाला दोन महिने लागले. एका रविवारी मुलगी एक हिंदी सिनेमा बघत होती आणि पडद्याच्या तळाशी हिंदीतच संवादांची अक्षरं येत होती. तिचे कान तर उत्तम आहेत, पण तिच्या पिढीला ही सवयच लागली आहे. पाणी प्यायला उठलेले अप्पा दारात थांबले. मग खुर्चीच्या कडेवर टेकले. मग नीट मागे रेलून बसले. सिनेमा संपला तेव्हा म्हणाले, "बऱ्याच दिवसांनी एक अख्खा सिनेमा कळला." त्या वाक्यातला 'कळला' हा शब्द माझ्या मनात रुतून बसला. म्हणजे इतके दिवस हे आमच्यात बसत होते, आम्ही हसलो की हसत होते, आणि त्यांना कळत मात्र काही नव्हतं!

तेव्हा आजचा विषय तुम्हाला वरवर किरकोळ वाटेल. सिनेमा आणि टीव्ही बघताना खालची अक्षरं सुरू ठेवावीत की बंद? घरोघरी यावर दोन तट आहेत. माझे पती दुसऱ्या तटातले. त्यांचं म्हणणं, "सिनेमा बघायचा असतो, वाचायचा नसतो. वाचायचंच असेल तर पुस्तक घ्यावं." हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही, त्याकडे मी येणारच आहे. पण आधी ही अक्षरं पडद्यावर आली कुठून, ते पाहू.

खरं तर ती पहिल्यापासूनच होती. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन थिएटरात लागला, तेव्हा सिनेमा मुका होता. पात्रांचं बोलणं आणि कथेचा धागा मधूनमधून येणाऱ्या पाट्यांवर लिहिलेला असे. ज्याला अक्षरओळख होती, त्याला कानांनी ऐकू येवो न येवो, सिनेमा सारखाच समजत असे. बहिरा माणूस आणि ऐकू येणारा माणूस शेजारी शेजारी बसून एकाच वेळी हसू शकत होते. मग १९२७ मध्ये अमेरिकेत 'द जॅझ सिंगर' आला आणि आपल्याकडे १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' झळकला. पुढच्या वर्षी 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलू लागला. सगळीकडे जल्लोष झाला. पण ज्या दिवशी पडदा बोलू लागला, त्या दिवशी पाट्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर बहिऱ्या प्रेक्षकांचा सिनेमाही गेला. त्या जल्लोषात याची आठवण कुणाला झाली नाही.

ज्याला झाली, तो स्वतः बहिरा होता. एमर्सन रोमेरो हा क्यूबन वंशाचा अमेरिकन नट मूकपटांत कामं करायचा. बोलपट आले आणि त्याचं काम संपलं. १९४७ मध्ये त्यानं जुन्या बोलपटांच्या प्रती मिळवल्या, संवादांच्या मधे मधे फिल्म कापली, तिथे लिहिलेल्या पाट्या जोडल्या आणि असे सिनेमे बहिऱ्यांच्या शाळा-मंडळांना दाखवायला सुरुवात केली. हे काम ओबडधोबड होतं, सिनेमा दर वाक्याला अडखळायचा. पण कल्पना रुजली. १९५८ मध्ये तिथल्या सरकारनं अशा सिनेमांसाठी कायदा करून पैसा दिला. टीव्हीवर १९७२ मध्ये ज्यूलिया चाइल्ड या बाईंचा पाककृतींचा कार्यक्रम अक्षरांसह दाखवला गेला. ती अक्षरं सगळ्यांनाच दिसत. १९८० पासून हवी तेव्हा लावता आणि बंद करता येणारी अक्षरं आली, पण त्यासाठी एक वेगळी पेटी विकत घेऊन टीव्हीला जोडावी लागे. १९९० मध्ये कायदा झाला की तेरा इंच किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक नव्या टीव्हीत ही सोय आतच असली पाहिजे, आणि जुलै १९९३ पासून तो लागू झाला. ब्रिटनमध्ये बीबीसीनं आपल्या मुख्य वाहिन्यांवरच्या शंभर टक्के कार्यक्रमांना २००८ पर्यंत अक्षरं दिली.

या इतिहासात एक गंमत आहे. कायदा झाला बहिऱ्यांसाठी, पण सोय घरोघरी पोचल्यावर ती वापरू लागले भलतेच लोक. ब्रिटनमधल्या ऑफकॉम या सरकारी नियामक संस्थेनं २००६ मध्ये पाहणी केली. अक्षरं लावून टीव्ही बघणारे साधारण ७५ लाख लोक निघाले, आणि त्यांतल्या ६० लाखांना कानांचा काहीही त्रास नव्हता! जिन्याशेजारी बांधलेला उतार जसा चाकाच्या खुर्चीसाठी असतो, पण त्यावरून बाबागाडी, सुटकेस आणि दुधाची सायकलही जाते, तसंच हे झालं.

मग धडधाकट कानांच्या माणसांना अक्षरं का लागतात? एक कारण आपल्या भिंतीवरच आहे. पूर्वीचा टीव्ही पेटीसारखा होता आणि त्याचा स्पीकर समोर, आपल्याकडे तोंड करून असे. आताचा टीव्ही पाटीसारखा पातळ. त्यात स्पीकरला जागाच नाही, म्हणून तो खाली किंवा मागे तोंड करून बसवलेला असतो. आवाज आधी भिंतीला जाऊन धडकतो, मग आपल्याकडे येतो. दुसरं कारण असं की सिनेमाचं ध्वनिमिश्रण थिएटरसाठी केलेलं असतं. तिथे संवाद प्रामुख्यानं पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात, संगीत आणि बाकीचे आवाज आजूबाजूनं. घरच्या टीव्हीत हे सगळं दोनच स्पीकरमध्ये कोंबलं जातं आणि कुजबुज स्फोटाखाली दबून जाते. म्हणून कुजबुज ऐकायला आवाज वाढवावा, तर पुढच्याच क्षणी गाडी उडते आणि झोपलेलं मूल उठतं.

तिसरं कारण बोलण्याच्या पद्धतीचं. आपले जुने नट रंगभूमीवरून आले होते. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकापर्यंत शब्द पोचला पाहिजे, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. शिवाय बरेच संवाद नंतर स्टुडिओत, माइकसमोर उभं राहून पुन्हा बोलले जात. २००१ च्या 'लगान'नंतर आपल्याकडे चित्रीकरणाच्या वेळीच आवाज टिपण्याची पद्धत पुन्हा मूळ धरू लागली. त्यानं अभिनयात खरेपणा आला, यात शंका नाही. पण खरी माणसं जशी अर्धवट, तोंडातल्या तोंडात, पाठमोरी बोलतात, तसेच संवादही होऊ लागले. आम्हा रेडिओवाल्यांना हे परवडत नाही. आमच्याकडे चेहरा नाही, हातवारे नाहीत, आहे तो शब्द. तो निसटला की सगळंच निसटलं. पडद्याला वाटतं, शब्द निसटला तरी चित्र सांभाळून घेईल. ते नेहमी घेत नाही.

आता अप्पांच्या कानांकडे येते. अप्पा कधीच म्हणत नसत की मला ऐकू येत नाही. ते म्हणत, "ऐकू येतं गं, पण बोलतात काय ते कळत नाही." मला ही सबब वाटायची. पुढे कानांच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं तेव्हा कळलं, की हे अक्षरशः खरं होतं. वय वाढतं तसा कान आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज गमावतो. 'आ', 'ओ' हे स्वर जाडजूड आणि ताकदीचे असतात, ते पोचतात. पण 'स', 'श', 'फ', 'थ', 'त', 'क' ही व्यंजनं नाजूक असतात आणि क्षणात विरतात. आता 'ताक', 'ताप' आणि 'तास' हे शब्द घ्या. तिन्हींतला 'आ' तोच आहे, सगळा अर्थ शेवटच्या व्यंजनावर लटकलेला. 'साठ' म्हटलं की 'आठ' ऐकू येतं. माणूस बोलतोय हे कळतं, रागानं बोलतोय हेही कळतं, फक्त काय बोलतोय ते कळत नाही. आणि आवाज वाढवला की स्वर वाढतात, पार्श्वसंगीत वाढतं, हरवलेलं व्यंजन हरवलेलंच राहतं. तीसवर टीव्ही ठेवूनही अप्पांना कळत नव्हतं ते यामुळे.

खालचं अक्षर नेमकं तेच व्यंजन परत आणून देतं. आणि मौज म्हणजे, शब्द एकदा डोळ्यांनी वाचला की तोच कानालाही जास्त स्पष्ट ऐकू आल्यासारखा वाटतो. डोळा कानाला हात देतो. चष्मा लावल्यावर जास्त ऐकू येतं, असं म्हाताऱ्या माणसांनी म्हटलं की आपण हसतो. हसू नये. समोरच्याचे ओठ दिसले की अर्धा शब्द कळतोच.

मात्र इथे एक सावधगिरीची सूचना. अक्षरांमुळे कानांचं दुखणं झाकलंही जातं. टीव्ही कळतोय ना, मग कशाला डॉक्टरकडे जायचं, असं म्हणत माणूस वर्षानुवर्षं काढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगातल्या दर पाच माणसांमागे एकाला ऐकण्याची काही ना काही अडचण आहे. आणि 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटानं, स्मृतिभ्रंशाच्या ज्या कारणांवर आपल्याला काही करता येतं त्यांत, उपचाराविना राहिलेल्या बहिरेपणाचा समावेश केलेला आहे. ऐकू येत नाही म्हणून माणूस गप्पांतून उठतो, गप्पांतून उठला की एकटा पडतो, आणि एकटं पडलेलं मन झिजत जातं. आम्ही अप्पांना तपासून आणलं, त्यांना यंत्र मिळालं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी रुग्णालयांत कानांचे डॉक्टर असतात. तेव्हा घरात कुणी अचानक अक्षरं मागू लागलं, तर अक्षरं जरूर लावा, पण कानही तपासून घ्या.

आता माझ्या पतींच्या तटाकडे वळते. त्यांचा पहिला मुद्दा असा की, अक्षरं दिसली की ती वाचली जातातच, वाचायची नसली तरी. हे अगदी खरं आहे. बेल्जियममधल्या लूवेन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेरी द'इडवाल यांनी प्रेक्षकांची नजर कुठे कुठे फिरते, हे यंत्रानं टिपलं होतं. भाषा पूर्ण येत असली, कान चांगले असले, तरी अक्षर उमटलं की नजर तिकडे जाते, असं त्यांना आढळलं. म्हणजे जेवढा वेळ तुम्ही तळाशी, तेवढा वेळ नटीच्या डोळ्यांपासून दूर. ज्या प्रसंगात डोळेच सगळं बोलतात, तिथे हा तोटा मोठा आहे.

दुसरा मुद्दा विनोदाचा. विनोद म्हणजे शब्द आणि त्याआधीची थांबलेली जागा. पु. ल. देशपांड्यांचा एकपात्री प्रयोग डोळ्यांसमोर आणा. वाक्य म्हणताना ते जिथे थांबतात, तिथेच निम्मा हशा असतो. अक्षरांना थांबणं कळत नाही. अख्खं वाक्य एकदम पडद्यावर येतं, डोळा शेवटपर्यंत धावत जातो आणि नट बोलायच्या आधीच आपण हसून मोकळे होतो. रहस्यपटात तर विचारूच नका. अंधारात उभ्या असलेल्या माणसाचं तोंड दिसायच्या आधीच खाली त्याचं नाव येतं!

तिसरा मुद्दा लिहिणाऱ्यांचा. साधारणपणे एका वेळी दोन ओळी, ओळीला चाळीसेक अक्षरं, आणि ती पडद्यावर फार तर सहा-सात सेकंद, असा या धंद्याचा दंडक आहे. त्यात बसवायचं म्हणून बोलणं छाटावं लागतं. छाटणारा जाणता असला तर बरं, नाही तर फांदीबरोबर फूलही जातं. आता तर पुष्कळ ठिकाणी यंत्रच ऐकून लिहितं. मोबाइलला मराठी ऐकवून लिहायला लावून पाहा, तुमच्या वाक्याचं तो कधी कधी काय करील, सांगता येत नाही. थेट बातम्यांसाठी ब्रिटनमध्ये एक वेगळीच युक्ती काढली आहे. एक माणूस बातमी कानांनी ऐकतो, तीच स्वच्छ, सपाट आवाजात विरामचिन्हांसकट यंत्रापुढे पुन्हा बोलतो आणि यंत्र त्याचं बोलणं लिहितं. यंत्राच्या आणि जगाच्या मधे अजून तिथे एक माणूस लागतो, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

तेव्हा माझ्या पतींचं म्हणणं मी निम्मं मान्य करते. ज्याचे कान चांगले आहेत आणि ज्याला ती भाषा येते, त्यानं एखादा उत्तम सिनेमा पहिल्यांदा अक्षरांशिवायच बघावा. थोडे शब्द सुटले तर सुटू द्यावेत. पण हा निर्णय एकट्या माणसाचा झाला. घरातला टीव्ही हा एकट्याचा नसतो. त्याच्यासमोर आजोबा असतात, नात असते, स्वयंपाकघरातून येता-जाता बघणारी कुणी असते. आणि इथे मला अक्षरांचं दुसरं, आपल्या देशातलं काम सांगायचं आहे.

१९९६ ची गोष्ट. ब्रिज कोठारी नावाचा भारतीय विद्यार्थी अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या गावी मित्रांबरोबर एक स्पॅनिश सिनेमा बघत बसला होता. सगळे स्पॅनिश शिकत होते. खाली इंग्रजीऐवजी स्पॅनिशच अक्षरं असती तर आपण किती लवकर शिकलो असतो, असं बोलणं निघालं. कोठारींच्या मनात आलं, हिंदी गाण्यांखाली हिंदीच अक्षरं दिली तर? आपल्याकडे लाखो लोकांना शाळेत अक्षरं भेटली आणि पुढे वापराविना पुसट झाली. त्यांना गाणी मात्र तोंडपाठ. पुढचा शब्द कोणता येणार हे आधीच ठाऊक असलं की डोळ्याला फक्त पडताळून पाहायचं उरतं. मनात शब्द, कानात शब्द आणि पडद्यावर तोच शब्द. धड्याचं पुस्तक उघडायला नको, परीक्षा नको, लाज नको.

कोठारी पुढे अहमदाबादच्या आयआयएममध्ये आले. १९९९ मध्ये गुजराती चित्रपटगीतांच्या दूरदर्शनवरच्या कार्यक्रमात हा प्रयोग झाला आणि २००२ मध्ये 'चित्रहार'सारख्या देशभर बघितल्या जाणाऱ्या कार्यक्रमात गाण्यांखाली अक्षरं आली. गायक जो शब्द गाई, त्या शब्दाचा रंग बदलत जाई. तुमच्यापैकी पुष्कळांना ते आठवत असेल. आपण म्हणत होतो, ही काय गाणी म्हणायची सोय केली आहे! पण त्यामागे साक्षरतेचा विचार होता. मराठीतही २०१३ च्या सुमारास झी टॉकीजवर काही सिनेमांना मराठी अक्षरं देऊन हा प्रयोग झाला होता.

याचं मोल मला घरातच कळलं. माझी मुलगी इंग्रजी माध्यमात शिकली. मराठी बोलते फर्डं, पण वाचायला दिलं की गाडी घाटात चढावी तशी दमत चालते. तिच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचं हेच. आम्ही आईबापांनी कधी रागावून, कधी आमिष दाखवून पुस्तकं पुढे केली. ती तशीच राहिली. हिंदी अक्षरं मात्र ती सिनेमांखाली वाचून वाचून भरभर वाचू लागली आहे. लिपी तर तीच आहे! मग मराठी सिनेमांखाली मराठी अक्षरं असती तर?

आणि इथेच घोडं अडतं. अप्पांना तो हिंदी सिनेमा कळला, त्या आनंदात मी दुसऱ्या दिवशी एक मराठी सिनेमा लावला. अक्षरांच्या यादीत शोधलं तर तिथे इंग्रजी होती. मराठी नव्हती. दुसरा सिनेमा लावला, त्यालाही इंग्रजीच. अप्पांनी चष्मा सावरून दोन-चार ओळी वाचायचा प्रयत्न केला. मग म्हणाले, "मराठी माणसं मराठीत बोलतायत, आणि मला मराठी माणसाला ते इंग्रजीतून का वाचायला लावतायत?" मला उत्तर देता आलं नाही.

यामागचा हिशेब समजू शकतो. सिनेमा महोत्सवात जावा, परप्रांतात बघितला जावा, म्हणून इंग्रजी भाषांतर केलेलं असतं. ते हवंच. दूरदर्शनवर रविवारी दुपारी आपण बंगाली, मल्याळम सिनेमे इंग्रजी अक्षरांच्याच आधारानं पाहिले. पण ती अक्षरं परक्यासाठी आहेत. घरच्या बहिऱ्या माणसाचा त्यात विचार नाही. शिवाय भाषांतरात काय जातं ते पाहा. मराठीत 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' या तीन पायऱ्या आहेत. 'अहो' म्हणणारी बायको भांडणाच्या भरात एकदाच 'अरे' म्हणते आणि सगळं घर गप्प होतं. इंग्रजीत तिन्हींना एकच शब्द. ते घर का गप्प झालं, हे वाचणाऱ्याला कळतच नाही.

मराठी अक्षरं द्यायची तर काही कष्ट आहेत, हे कबूल. आपल्या लिपीत मात्रा-वेलांट्या वर जातात, उकार खाली येतात, त्यामुळे ओळीला जास्त उंची लागते. जोडाक्षरं बारीक टाइपात गिचमिड होतात. आणि बोली कशी लिहायची, हा नाजूक प्रश्न आहे. 'सैराट'मधली पोरं करमाळ्याकडची भाषा बोलतात. ती खाली शुद्ध करून लिहिली, तर कानाला एक आणि डोळ्याला दुसरंच असं होईल. माझ्या मते मालवणी मालवणीसारखी लिहावी आणि वऱ्हाडी वऱ्हाडीसारखी. बहिऱ्या माणसालाही पात्र कुठलं आहे, हे कळायचा हक्क आहे. त्याला आवाजही कळायला हवेत. 'दाराची बेल वाजते', 'लांबून ढोल ऐकू येतात', 'बाळ रडतं', एवढं कंसात लिहिलं तरी पुरे. नाही तर नायिका बोलता बोलता मधेच का उठली, हे त्यानं कसं ओळखावं?

हे सगळं मेहेरबानी म्हणून मागायचं कारण नाही. २०११ च्या जनगणनेत देशात ऐकण्याचं अपंगत्व असलेल्यांची नोंद सुमारे ५० लाख होती, आणि अप्पांसारखे, जे कुठल्या नोंदीत नाहीत, ते वेगळेच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं प्रसारमाध्यमं त्यांना वापरता येतील अशी असावीत, असं म्हटलं. २०१९ मध्ये केंद्र सरकारनं टीव्ही वाहिन्यांसाठी याचे निकष काढले. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं 'पठान' चित्रपटाच्या निर्मात्यांना, तो घरी बघण्यासाठी ओटीटीवर येण्यापूर्वी त्यात हिंदी अक्षरं आणि अंधांसाठी श्राव्य वर्णन घाला, असं सांगितलं. मार्च २०२४ मध्ये चित्रपटगृहांतल्या सिनेमांसाठीही मार्गदर्शक तत्त्वं आली. कागदावर पाया पडला आहे. पण कागद मराठी सिनेमाच्या तळाशी उतरायला मागणी लागते. २०११ च्या जनगणनेनुसार आपली भाषा मातृभाषा म्हणून सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. एवढ्या मोठ्या भाषेला स्वतःच्या सिनेमाखाली स्वतःच्या दोन ओळी मिळू नयेत?

तेव्हा माझं उत्तर असं. एकटे असाल, कान चांगले असतील, तर मनाला वाटेल तसं करा. चार माणसांत असाल, तर अक्षरं सुरू ठेवा, कारण त्या चारांत कुणाला ती लागतात, हे तो सांगेलच असं नाही. टीव्हीच्या ध्वनीच्या पर्यायांत 'संवाद' किंवा 'स्पीच' असा काही पर्याय आहे का, तेही एकदा बघा. आणि मराठी कार्यक्रमाखाली मराठी अक्षरं नसतील, तर वाहिनीला, निर्मात्याला दोन ओळी लिहून कळवा.

अप्पांनी कळवलं आहे. पोस्टकार्डावर, आपल्या वळणदार अक्षरात. उत्तर अजून आलेलं नाही. पण रात्री जेवण झालं की ते आता खोलीत जात नाहीत. हिंदी सिनेमा असला तर शेवटपर्यंत बसतात, मराठी असला तर कधी कधी त्यांची नात शेजारी बसते आणि महत्त्वाचं वाक्य त्यांच्या कानाशी पुन्हा म्हणते. आज निघताना मी सांगितलं, "अप्पा, संध्याकाळी रेडिओवर माझं भाषण आहे." ते म्हणाले, "ऐकीन. पण येताना तुझे कागद घेऊन ये. आधी वाचतो, मग ऐकतो."